ऐनवेळचे विषय

नगरपालिकेच्या सर्वसाधारण सभेची विषयपत्रिका कधी हातात पडली तर ती शेवटून वाचावी. वरच्या ओळींत मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणं असतं, एखादा अभिनंदनाचा ठराव असतो, चौकाच्या नामकरणाचा विषय असतो, पाणीपट्टीच्या थकबाकीचा आढावा असतो. सगळ्यात खाली मात्र एक ओळ असते, जी महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावात थोड्याफार फरकाने सारखीच सापडेल : 'मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणाऱ्या विषयांवर विचारविनिमय करणे.' या ओळीपुढे रक्कम नसते, विषयाची माहिती देणारी टिपणी नसते, कुठल्या प्रभागाचं काम आहे हेही नसतं. कारण विषय अजून 'आलेला' नसतो. तो ऐनवेळी येतो, आणि बहुधा ठरल्यासारखा येतो.

गेली दहा-बारा वर्षं निविदांतला गैरव्यवहार थांबवण्याचा सगळा जोर 'ऑनलाइन' या एका शब्दावर राहिला. संकेतस्थळ, डिजिटल सही, ऑनलाइन बयाणा, ऑनलाइन लिफाफे. या सुधारणा खोट्या नाहीत. पण चोराची ये-जा परसदारातून चालू असताना आपण पुढच्या दाराला तिसरं कुलूप लावत बसलो, असं माझं मत आहे. गावचा पैसा निविदा उघडण्याच्या दिवशी फारसा जात नाही. तो त्याआधी अंदाजपत्रकात जातो, त्यानंतर मोजमाप पुस्तिकेत, म्हणजे झालेल्या कामाची मापं लिहून ज्यावरून बिल निघतं त्या वहीत, जातो, आणि या दोन्हींवर शिक्कामोर्तब होतं ते सभेच्या खोलीत. तिथे अजून पुरेसा उजेड पोचलेला नाही.

ऑनलाइन पद्धतीचं श्रेय आधी देऊन टाकतो. पूर्वी निविदेचं पाकीट पालिकेच्या कचेरीतल्या पेटीत टाकावं लागे आणि पेटीपाशी माणसं उभी असत. बाहेरगावच्या ठेकेदाराला जिन्यातच गाठायचं, चहा पाजायचा, आणि नाहीच ऐकलं तर दुसऱ्या भाषेत समजावायचं, ही सर्वमान्य पद्धत होती. कोरा अर्जच मिळू नये याचीही सोय असे. अर्ज देणारा कारकून नेमका त्याच दिवशी रजेवर. महाटेंडर्स हे राज्य सरकारचं निविदांचं संकेतस्थळ आलं आणि जिन्यातला हा प्रकार पुष्कळसा संपला. कोणीही कुठूनही निविदा भरू शकतो.

पण भरू शकतो आणि भरतो यांत फरक आहे. २०१८ साली भारतीय स्पर्धा आयोगाने पुणे महापालिकेच्या कचरा प्रक्रिया प्रकल्पांच्या निविदांमध्ये संगनमत झाल्याचं ठरवलं आणि अनेक कंपन्यांना दंड केला. एकाने जिंकायचं आणि बाकीच्यांनी नावापुरत्या निविदा भरायच्या, असा हा जुनाच खेळ. ठेकेदारांच्या बोलीत याला 'सपोर्ट देणं' म्हणतात. किमान तीन निविदा आल्या पाहिजेत, नाहीतर फेरनिविदा काढावी लागते, म्हणून तीन आणायच्या. तिघांचे दर एकाच टेबलावर बसून ठरवायचे. आकडे संगणकातून गेले म्हणून ते टेबल नाहीसं होत नाही. आणि हे पुण्यात झालं, जिथे तक्रार करणारी माणसं आहेत, वर्तमानपत्रं आहेत. पंचवीस-तीस हजार वस्तीच्या 'क' वर्ग नगरपालिकेत सगळे ठेकेदार एकमेकांच्या लग्नकार्यात जेवतात. तिथे संगनमत वेगळं करावं लागत नाही.

आता निविदेच्या आधीचा भाग पाहू. निविदा सूचना वाचताना लोक रकमेकडे बघतात. बघायच्या त्या अटी. डांबरी रस्त्याच्या कामात अट असते की निविदाधारकाचा हॉट मिक्स प्लांट (गरम डांबर आणि खडी मिसळण्याचं यंत्र) कामाच्या ठिकाणापासून अमुक किलोमीटरच्या आत असावा. ऐकायला रास्त वाटते, कारण डांबर गरमच पडलं पाहिजे. पण तेवढ्या अंतरात तालुक्यात एकच प्लांट असेल तर ही अट म्हणजे न लिहिलेलं नाव आहे. दुसरी अट स्थळपाहणीच्या दाखल्याची. ठेकेदाराने कामाची जागा पाहिली आहे, असा अभियंत्याच्या सहीचा दाखला निविदेला जोडायचा. म्हणजे दर गुप्त, लिफाफा गुप्त, पण कोण कोण निविदा भरणार आहे याची यादी अभियंत्याच्या टेबलावर आपोआप तयार. एकदा ही यादी हाती आली की पुढचे फोन कोणी कोणाला करायचे, हे सांगायला नको. ऑनलाइन पद्धतीने जो जिना बंद केला, तो या एका कागदाने पुन्हा उघडला.

तिसरी गोष्ट मुदतीची. 'अल्प मुदतीची ई-निविदा सूचना' हे शब्द फेब्रुवारी-मार्चमध्ये वर्तमानपत्रांच्या आतल्या पानांवर किती वेळा दिसतात ते पाहावं. निधी वर्षभर आलेला असतो किंवा येणार हे माहीत तरी असतं. अंदाजपत्रक मात्र वर्षाच्या शेवटी तयार होतं, मग 'निधी व्यपगत होऊ नये म्हणून' सात-आठ दिवसांत सगळं उरकायचं. त्या सात-आठ दिवसांत बाहेरचा माणूस नकाशा बघणार कधी, दगडाची खाण शोधणार कधी, दर काढणार कधी? ज्याला काम आधीच माहीत आहे तोच वेळेत भरतो. जाहिरात देणंही बंधनकारक असतं, आणि ती अशा दैनिकात दिली जाते की ज्याचा अंक गावात फक्त पालिकेच्या फायलीला लावण्यापुरता येतो.

आणि तुकडे. ठराविक रकमेच्या वरच्या कामाला ई-निविदा लागते. ही मर्यादा सरकारने वेळोवेळी बदलली, पण मर्यादा कुठलीही असो, कामं तिच्या जरा खाली येऊन थांबतात. एकच गटार तीन कामांत विभागलं जातं. या कामांची नावं हा वेगळाच साहित्यप्रकार आहे : 'प्रभाग क्र. ४ मधील श्री. अमुक यांच्या घरापासून श्री. तमुक यांच्या घरापर्यंत आरसीसी गटार बांधणे.' लांबी नाही, नकाशावरचा क्रमांक नाही, खूण म्हणून काय तर दोन गृहस्थ. त्यातला एक घर विकून मुलाकडे पुण्याला गेला, दुसरा वारला, तरी पालिकेच्या दफ्तरात गटार त्यांच्याच दारांमधून वाहतं. यातली सोय अशी की तीन वर्षांनी तेच गटार उलट्या दिशेने, 'तमुक यांच्या घरापासून अमुक यांच्या घरापर्यंत' पुन्हा बांधता येतं आणि लेखापरीक्षकाला दोन वेगळी कामं दिसतात. हे टाळायला कोट्यवधींची संगणकप्रणाली लागत नाही. प्रत्येक गल्लीला एक कायमचा क्रमांक आणि प्रत्येक कामाला सुरुवातीचा-शेवटचा मीटर, एवढं पुरतं. मोबाइलवर जागेचा नेमका ठिपका दाखवणारं साधन आज प्रत्येक कनिष्ठ अभियंत्याच्या खिशात आहे. मग ते कामाच्या नावात का येत नाही, हा प्रश्न सभेत विचारलेला मी ऐकलेला नाही.

यानंतर निविदा उघडते. सर्वांत कमी दराची मंजूर होते आणि सगळे समाधानाने सांगतात की पालिकेचे पैसे वाचले. वीस टक्के बिलो, म्हणजे अंदाजपत्रकापेक्षा वीस टक्के कमी, पंचवीस टक्के बिलो, कधी तीस. सरकारी दरसूचीत ठेकेदाराचा नफा धरलेला असतो हे मान्य. दर थोडे फुगलेले असतात हेही मान्य. तरी तीस टक्के कमी दरात तेच काम करणारा माणूस एकतर फार कार्यक्षम आहे किंवा तेच काम करणार नाही. हिशोब अवघड नाही. दोनशे मीटर लांब, पाच मीटर रुंद आणि पंधरा सेंटीमीटर जाडीचा काँक्रीट रस्ता धरा. काँक्रीट लागतं १५० घनमीटर. जाडी बारा सेंटीमीटर पडली तर १२० घनमीटर. तीस घनमीटर काँक्रीट वाचलं, म्हणजे सरळ पाचवा हिस्सा. वीस टक्के बिलोचं सगळं गणित तीन सेंटीमीटरमध्ये बसतं. रस्ता झाल्यावर वरून बघून हे तीन सेंटीमीटर कोणाला दिसत नाहीत. ते दिसतात दुसऱ्या पावसाळ्यात. सरकारलाही हे ठाऊक आहे, म्हणूनच फार कमी दर भरणाऱ्याकडून जादा अनामत घेण्याची तरतूद झाली. पण अनामत घेऊन रस्ता जाड होत नाही. रस्ता जाड होतो तो काँक्रीट ओतताना तिथे मोजपट्टी घेऊन कोणी उभं असेल तर, आणि नंतर गाभा कापून जाडी तपासली तर.

तिथे उभं कोण राहणार? मोजमाप पुस्तिकेत नोंद कनिष्ठ अभियंता करतो. छोट्या नगरपालिकेत हा एकच माणूस पाणीपुरवठा, बांधकाम, अतिक्रमण आणि निवडणुकीचं काम बघतो. एका दिवशी सहा ठिकाणी काम चालू असेल तर तो एका ठिकाणी असतो, आणि बाकी पाच ठिकाणची मोजमापं ठेकेदाराच्या सुपरवायझरने कागदावर लिहून दिलेली असतात. निविदा प्रक्रियेवर आपण डझनभर नियम केले. मोजमापाच्या बाबतीत सगळा भार एका थकलेल्या माणसाच्या सहीवर टाकून दिला.

ठेकेदारांविषयी बोलताना आपल्याकडे एकच सूर लागतो, तो मला पटत नाही. २०२५ मध्ये राज्यभरातल्या ठेकेदारांनी थकलेल्या बिलांसाठी आंदोलनं केली. काम पूर्ण, पूर्णत्वाचा दाखला हातात, आणि पैसे नाहीत; व्याज मात्र सुरू. यात बुडतो कोण? ज्याने बायकोचे दागिने ठेवून बयाणा भरला तो तरुण अभियंता. बिल दोन वर्षं अडकलं तरी ज्याला फरक पडत नाही, ज्याचा मुंबईत शब्द चालतो, ज्याच्या स्वतःच्या खाणी आणि पतसंस्था आहेत, तो टिकतो. पुढच्या निविदेला स्पर्धक कमी होतात आणि लोक विचारतात की प्रत्येक वेळी यालाच काम कसं मिळतं. उशिरा बिल देणं हीही स्पर्धा मारण्याची एक पद्धत आहे, आणि तिच्यात कुठला नियम मोडावा लागत नाही. शिवाय बिल कधी निघणार याची खात्री नसली की बिल काढून देणाऱ्याची किंमत वाढते. टक्केवारी म्हणतात ती इथे जन्मते. ज्या पालिकेत बिलं आलेल्या क्रमाने निघतात आणि तो क्रम भिंतीवर लावलेला असतो, तिथे टक्केवारी मागणाऱ्याकडे विकायला फारसं काही उरत नाही.

निविदांच्या चर्चेत मुदतवाढीचं नाव क्वचितच निघतं. साफसफाईचा ठेका, घंटागाडीचा ठेका, दिवाबत्तीचा ठेका, आठवडी बाजाराच्या वसुलीचा ठेका. मुदत संपते कधी, हे करारावर तारखेसह छापलेलं असतं. तरीही मुदत संपल्यावर सगळ्यांना जणू अचानक आठवतं आणि ठराव येतो : 'नवीन निविदा प्रक्रिया पूर्ण होईपर्यंत विद्यमान ठेकेदारास तीन महिने मुदतवाढ देणे.' हे तीन महिने वर्षभर चालतात, कधी दोन वर्षं. कारण नेहमी लोकहिताचं असतं : गावात कचरा साचेल. खरंच साचेल, म्हणून विरोध करणारा नगरसेवक वाईट ठरतो. ज्याने सहा महिने आधी निविदेची फाईल हलवायची ती हलवली नाही, त्याला कोणी काही विचारत नाही. दरम्यान जुन्या दराने काम करणारा ठेकेदार किमान वेतनाची वाढ सफाई कामगारांच्या खिशातून भागवतो. हजेरीपटावर चाळीस माणसं, सकाळी गल्लीत अठ्ठावीस, आणि त्या अठ्ठावीसांना भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांकसुद्धा माहीत नसतो. मुदतवाढीचा विषय बहुतेक वेळा कुठून येतो, हे आता सांगायला नको. विषयपत्रिकेच्या शेवटच्या ओळीतून.

तर, सभा. टिपणी आधी मिळालेली नसते, विषय पुकारला जातो, मागून 'मंजूर, मंजूर' असा आवाज येतो आणि पुढचा विषय. लिहून येतं ते असं : 'सदर विषयावर सभागृहात सविस्तर चर्चा होऊन सर्वानुमते मंजुरी देण्यात येत आहे. सूचक अमुक, अनुमोदक तमुक.' सविस्तर चर्चा सव्वा मिनिटाची. कधी सूचकाला आपण सूचक आहोत हे इतिवृत्त आल्यावर कळतं. आणि इतिवृत्त येतं पुढच्या सभेत, दोन महिन्यांनी, तेही 'कायम करण्यासाठी'. तोवर कार्यादेश निघालेला असतो, खडी पडलेली असते. मधल्या काळात ठरावात एखादा आकडा, एखादं 'व त्यास आवश्यक ती अनुषंगिक कामे' वाढलं तर ते ओळखायला कोणाकडे मूळ प्रत नसते. सभेचं ध्वनिमुद्रण बऱ्याच ठिकाणी होतं म्हणे. मागितलं की यंत्रात बिघाड झालेला असतो.

'सर्वानुमते' हे नगरसेवकाला सोयीचं वाटतं, कारण जबाबदारी सगळ्यांत वाटली गेली की ती कोणाचीच राहत नाही, असा त्याचा समज असतो. जळगावच्या घरकुल प्रकरणाने हा समज किती महाग पडतो ते दाखवलं. जळगाव तेव्हा नगरपालिका होती. झोपडपट्टीवासीयांसाठी घरकुलांची योजना आखली गेली, कर्ज काढलं गेलं, ठेकेदाराला काम आणि आगाऊ रकमा दिल्या गेल्या, आणि घरं मात्र मोठ्या संख्येने अपुरी राहिली. २००६ मध्ये, जळगाव महापालिका झाल्यानंतर, तिथल्या आयुक्तांनी स्वतः फिर्याद दिली. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी धुळ्याच्या विशेष न्यायालयाने ४८ जणांना दोषी ठरवून शिक्षा सुनावल्या. त्यांत माजी मंत्री होते, आणि तितकंच महत्त्वाचं म्हणजे मोठ्या संख्येने माजी नगरसेवक होते. निकालाविरुद्ध उच्च न्यायालयात दाद मागितली गेली, तो त्यांचा हक्क आहे. पण राज्यातल्या प्रत्येक नगरसेवकाने या खटल्यातून एक गोष्ट समजून घ्यायला हवी होती : सभेत गप्प राहून दिलेली संमती फौजदारी न्यायालयात पुरावा म्हणून उभी राहू शकते. ती समजून घेतल्याचं चिन्ह मला तरी दिसत नाही. नवीन नगरसेवकांना प्रशिक्षण देतात त्यात योजनांची माहिती भरपूर असते. ठराव वाचावा कसा आणि विरोध नोंदवून घ्यावा कसा, यावर एखादा तास तरी असतो का?

विरोध नोंदवण्याची परंपरा आपल्याकडे नाही असंही नाही. महात्मा फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सभासद होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्चण्याचा प्रस्ताव आला तेव्हा बत्तीस सभासदांपैकी विरोधात मत देणारे ते एकटे. तो पैसा गरिबांच्या शिक्षणाकडे वळवावा, असं त्यांचं म्हणणं होतं. ठराव मंजूर झाला, कारण मतांचा हिशोब तसाच होता. पण इतक्या वर्षांनी आपल्याला त्या ठरावाविषयी कळतं ते त्या एका मतामुळे. फुले हे बांधकाम ठेकेदारही होते, हे इथे मुद्दाम सांगतो. खडी, चुना, मजुरी, मोजमाप आणि खात्यातल्या साहेबांचा हिस्सा हा सगळा व्यवहार त्यांनी आतून पाहिलेला होता, आणि सरकारी बांधकामातल्या लबाडीवर त्यांनी लिहिलं ते त्या माहितीच्या जोरावर. आज आपल्या नगरपालिकांत ठेक्यांची आतून माहिती असलेले सदस्य कमी नाहीत. पालिकेच्या ठेक्यात हितसंबंध असलेला माणूस नगरसेवक राहू शकत नाही, असं १९६५ चा नगरपरिषद अधिनियम सांगतो. म्हणून ठेका भावाच्या, मेहुण्याच्या किंवा गाडीच्या ड्रायव्हरच्या नावावर असतो.

काही सुशिक्षित माणसं म्हणतात, हे नगरसेवकच नकोत, प्रशासक बरा. गेल्या काही वर्षांत हा प्रयोगही करून झाला. बहुतेक नगरपालिकांची मुदत २०२१ अखेर आणि २०२२ मध्ये संपली. पाच वर्षांची मुदत संपण्याआधी निवडणूक घ्यावी, असं राज्यघटना सांगते. पण प्रभागरचना आणि आरक्षणाच्या वादात वर्षं गेली. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावलं तेव्हा कुठे चक्रं हलली. बहुतेक नगरपालिका-नगरपंचायतींचं मतदान २ डिसेंबर २०२५ ला आणि मतमोजणी २१ डिसेंबरला झाली. मधल्या काळात कारभार स्वच्छ झाला का? अनेक ठिकाणी मुख्याधिकारीच प्रशासक होते. म्हणजे मुख्याधिकारी म्हणून टिपणी ठेवायची, प्रशासक म्हणून तीच वाचायची, 'सभा' म्हणून मंजूर करायची आणि पुन्हा मुख्याधिकारी म्हणून अंमलात आणायची. सर्वानुमते याहून अधिक शुद्ध असू शकत नाही. विरोध करायला समोर माणूसच नाही. आणि बदली झाली की जबाबदारीही त्याच गाडीने जाते.

अधिकारी जास्त आणि मोठे असले म्हणजे कागद नीट राहतो हेही खरं नाही. मार्च २०२३ मध्ये विधिमंडळात मांडलेल्या मुंबई महापालिकेवरच्या कॅग अहवालात, निविदा न मागवता दिलेली सुमारे २१४ कोटींची २० कामं निघाली, आणि सुमारे ४,७५५ कोटींच्या ६४ कामांत तर ठेकेदाराशी करारनामाच झालेला नव्हता. देशातल्या सर्वांत श्रीमंत महापालिकेची ही कथा. अभियंत्यांची फौज तिथे होती, कायदा विभाग होता.

हे गाडं कोर्टात जाऊन सुटेल असंही कोणी समजू नये. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९४ च्या टाटा सेल्युलर निकालापासून न्यायालयांची भूमिका स्पष्ट आहे : निविदेचा निर्णय बरोबर की चूक हे न्यायालय ठरवणार नाही, निर्णय कसा घेतला एवढंच पाहील. ही भूमिका मला योग्य वाटते. प्रत्येक हरलेला ठेकेदार उठून स्थगिती आणू लागला तर गटारं कधीच व्हायची नाहीत. पण म्हणूनच निर्णय 'कसा' घेतला याचा कागद पालिकेत तयार झाला पाहिजे. अपात्र ठरवलेल्या निविदेसमोर एका शब्दात 'अपात्र' लिहिलेलं असेल, तर न्यायालयाने तपासायचं काय?

आणखी एक गोष्ट मनाला लागून राहते. तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींच्या नगरपंचायती करण्याचं धोरण राज्याने २०१४ च्या सुमारास घेतलं. गावाला बढती मिळाल्याचा आनंद झाला, फटाके वाजले. ज्या दिवशी नगरपंचायत झाली त्याच दिवशी ग्रामसभा गेली. कालपर्यंत देवळापुढच्या पारावर उभं राहून 'सरपंच, या बोअरचा हिशोब सांगा' असं विचारता येत होतं, बाई उठून बोलू शकत होती, ठराव तिच्यासमोर लिहिला जात होता. ग्रामसभाही बऱ्याच ठिकाणी कागदावरच होतात, हे मला माहीत आहे. पण विचारण्याचा हक्क होता. आता त्याच नागरिकाला त्याच बोअरसाठी माहिती अधिकाराचा अर्ज करून, दहा रुपये भरून, तीस दिवस थांबावं लागतं. गाव मोठं झालं आणि नागरिक लहान.

यावर ठरलेलं उत्तर येतं की नगरपालिकेच्या हातात आहेच काय? निधी वरून येतो, कामांची यादीही वरूनच येते, राज्य सरकारच्या 'वैशिष्ट्यपूर्ण' योजनेतली कामं आमदारांच्या पत्रावर ठरतात, आणि कधी तर ती करणारी यंत्रणा म्हणून सार्वजनिक बांधकाम विभागाचं नाव आधीच छापून येतं. यात तथ्य आहे. पण अंदाजपत्रक भिंतीवर लावायला, बिलांचा क्रम जाहीर करायला, खर्चाचा एकही विषय ऐनवेळी घेणार नाही असं ठरवायला, प्रत्येक सदस्याचं मत नावानिशी लिहायला, मुदत संपण्याच्या सहा महिने आधी नवीन निविदेची फाईल सभेपुढे आणायला आणि स्थळपाहणीचा दाखला रद्द करायला निधी लागत नाही. माहिती अधिकार कायद्याचं चौथं कलम बरीचशी माहिती कोणी न मागता जाहीर करायला २००५ पासून सांगतंच आहे. नव्याने निवडून आलेल्या मंडळाला हे सगळं एका ठरावात करता येईल. नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडून आलेले आहेत. नगरसेवक फुटतील म्हणून भिण्याचं कारणही त्यांना पूर्वीइतकं नाही.

असा ठराव झाला तर काय होईल याचाही अंदाज आहे. कोणीतरी तो जिल्हाधिकाऱ्यांकडे नगरपरिषद अधिनियमाच्या कलम ३०८ खाली नेईल आणि स्थगिती मागेल. न्यावा. नेणाऱ्याला अर्जावर नाव घालावं लागेल, आणि अंदाजपत्रक भिंतीवर लागल्याने पालिकेचं नेमकं कोणतं नुकसान होतं, ते लिहून द्यावं लागेल.